मधली जागा

वाल्मीकने खुर्शीदच्या थोबाडीत मारली ती भर मैदानात, टीमसमोर आणि सामना बघायला आलेल्या शेकडो लोकांसमोर. एकोणनव्वद सालचा जानेवारी महिना होता. जिल्हा फुटबॉल स्पर्धेची फायनल होती आणि भिवंडीची टीम ती दोन गोलांनी हरली होती. दोन्ही गोल खुर्शीदच्या चुकीने झाले होते.

खुर्शीद सेंटर हाफ खेळायचा. ऐन मधली जागा. मागून निघालेला बॉल आधी त्याच्याकडे यायचा आणि त्याने वाट शोधून तो पुढे सोडायचा. त्या जागेवरच्या माणसावर चारी बाजूंनी चाल होते आणि डोळे मात्र त्याला समोरच असतात. म्हणून वाल्मीकने टीमला दोन हाका शिकवल्या होत्या. बॉल घेणाऱ्याच्या पाठीवर कुणी धावून येत असेल तर मागच्याने ओरडायचं, "आया!" मग त्याने बॉल पायात न ठेवता लगेच सोडायचा. पाठीशी कुणी नसेल तर ओरडायचं, "अकेला!" मग खुशाल वळायचं. खुर्शीदच्या मागे स्टॉपरला, गोलसमोरच्या बचावात, अंजूरचा कोंडू असायचा. त्याचा आवाज असा की खाडीपलीकडे ऐकू जावा. त्या दिवशी कोंडू "आया, आया" करून घसा फोडत होता आणि खुर्शीद दोन्ही वेळा निवांत वळून समोरच्या टीमच्या माणसाच्या पुढ्यात बॉल नेऊन ठेवत होता.

सामना संपल्यावर तो मान खाली घालून येत होता. वाल्मीक त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"तुला ऐकायला येत नव्हतं का रे?"

खुर्शीद नुसता त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. वाल्मीकला तो उद्धटपणा वाटला आणि त्याचा हात उठला.

वाल्मीक मूळचा राहनाळच्या बौद्धवाड्यातला. मुंबईच्या एका गिरणीत नोकरी आणि गिरणीच्या टीममध्ये सेंटर हाफ, अशी अकरा वर्षं त्याने ऐटीत काढली. मग संप झाला, गिरणी बंद पडली ती पडलीच. हातात जुने बूट आणि पाठीत भरलेली लचक घेऊन तो गावी परत आला आणि एका गोदामावर सुपरवायझर म्हणून लागला. भिवंडीतले लूममालक फखरुद्दीनशेठ यांना फुटबॉलचा शौक होता. त्यांच्या कारखान्यातल्या नि आजूबाजूच्या कामगारांची टीम त्यांनी उभी केली आणि वाल्मीकला शिकवायला बोलावलं. शुक्रवारी कारखाने बंद असायचे, तेव्हा दिवसभर तालीम. एरवी पहाटे.

खुर्शीद त्याला तिथेच सापडला. जुन्या कोकणी मुसलमान घराण्यातला. बापाच्या वेळचे चार माग विकून झाले होते आणि हा आता फखरुद्दीनशेठच्या मागांवर बारा बारा तास उभा असायचा. पण बॉल पायात आला की बघत राहावं. वाल्मीकला त्याच्यात आपलंच तरुणपण दिसायचं, आणि म्हणूनच गेल्या दोन वर्षांत तो बिघडत गेला तेव्हा वाल्मीकला ते सहन होईना. मोकळ्यात असेपर्यंत राजासारखा खेळायचा, आणि कुणी अंगावर आलं की गडबडायचा. वाल्मीकने मनाशी ठरवून टाकलं होतं की हा भितो. भित्र्या माणसावर ओरडायचं, इतकंच त्याला ठाऊक होतं. त्याच्या वस्तादानेही त्याच्या बाबतीत तेच केलं होतं.

फायनलनंतर खुर्शीद तालमीला यायचा बंद झाला. आठवड्याभराने वाल्मीकला राघोचं पत्र आलं. राघो त्याच्या गिरणीच्या टीममधला जोडीदार. संपाआधीच तो मुंबईत एका मोठ्या सरकारी कंपनीत लागला होता आणि आता कंपनीची टीम सांभाळत होता. त्याने लिहिलं होतं की यंदा एकच जागा निघते आहे, ती सेंटर हाफची. पक्की नोकरी. मार्चच्या पहिल्या आठवड्यात निवडीचा सामना. वय पंचवीसच्या आत हवं. तीन वर्षांपूर्वी बघितला होता तो तुझा सेंटर हाफ अजून खेळतो का?

खुर्शीदला एप्रिलमध्ये पंचवीस पुरी होणार होती.

शुक्रवारी वाल्मीक त्याच्या घरी गेला. कारखान्यामागच्या चाळीत एक खोली. दार उघडंच होतं. खुर्शीद दाराकडे पाठ करून जेवत बसला होता, त्याची बायको रुकय्या चुलीशी तांदळाची भाकरी थापत होती. वाल्मीकने दारातून हाक मारली. रुकय्याने वळून बघितलं. खुर्शीदने नाही बघितलं. राग धरून बसलाय, वाल्मीकला वाटलं. तेवढ्यात खुर्शीदच्या पाठीशी टांगलेल्या झोळीत त्यांची मुलगी जागी झाली आणि तिने भोकाड पसरलं. जेमतेम हातभर अंतर. खुर्शीद शांतपणे भाकरीचा तुकडा मोडत राहिला. पोरगी लालबुंद होऊन किंचाळत होती आणि बाप तोंडातला घास चावत होता. रुकय्या पीठभरल्या हाताने उठली, नवऱ्याच्या खांद्याला स्पर्श केला आणि मागे बोट दाखवलं. तेव्हा कुठे तो दचकून वळला आणि झोळी हलवू लागला. मग त्याला दारातला वाल्मीक दिसला.

 वाल्मीक उंबऱ्यावर बसला. आपण याला काय विचारलं होतं आणि काय म्हणून मारलं होतं, ते सगळं एकदम त्याच्यासमोर उभं राहिलं.

रुकय्याने सांगितलं ते असं, की दोन वर्षं झाली. आधी अजान ऐकू येईनाशी झाली, मग गल्लीतली हाक, मग मूल. मागांच्या खडखडाटाने असं होतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण ते म्हातारपणी होतं असं सगळे धरून चालतात. याचं लवकर झालं.

"मला पण आधी कळलं नाही, भाऊ," खुर्शीद म्हणाला. "लूमवर सगळे ओठ बघूनच बोलतात. समोर माणूस असला की मला सगळं समजतं. पाठीमागचा माणूस माझ्यासाठी नसतोच."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर खेळवलं असतं तुम्ही?"

वाल्मीकला खोटं बोलवेना. त्याने खिशातलं पत्र काढून वाचून दाखवलं. खुर्शीद हसला. बहिऱ्याला कोण घेतो, असं म्हणून तो हात धुवायला उठला. पण रुकय्या हसली नाही. तिने वाल्मीकला दाराबाहेर गाठलं.

"भाऊ, तुम्ही मारलंत ते आम्ही विसरलो," ती म्हणाली. "पण यांना त्या मशीनवरून उतरवा. कसंही करून उतरवा. अजून थोडं राहिलंय, तेवढं तरी राहू दे."

पाच आठवडे हातात होते. वाल्मीकने फखरुद्दीनशेठना गळ घालून खुर्शीदला तेवढ्यापुरती दिवसपाळी मागून घेतली. शेठना फक्त निवडीच्या सामन्याचं सांगितलं, कानांचं नाही. रोज पहाटे साडेपाचला तो, कोंडू आणि खुर्शीद असे तिघे मैदानावर यायचे.

कान गेले तर डोळ्यांनी ऐकायचं, एवढंच वाल्मीकने ठरवलं होतं. पण ते शिकवायचं कसं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याने एक रीत काढली. कोंडू बॉल सोडणार, वाल्मीक खुर्शीदच्या पाठीशी उभा राहून बोटं वर करणार. बॉल पायाशी पोचायच्या आत खुर्शीदने मान वळवून बघायचं आणि किती बोटं ते सांगायचं. ऐकायला सोपं आहे. पहिल्या दिवशी खुर्शीदने मान वळवली की बॉल पायाखालून निसटायचा, आणि बॉलवर नजर ठेवली की बोटं दिसायची नाहीत. पन्नास वेळा केलं, पन्नास वेळा तसंच. दुसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी त्याची मान अशी आखडली की कारखान्यात त्याला धागा जोडायला वाकता येईना. आठव्या दिवशी तो मैदानातच बसला आणि म्हणाला की हे माझ्याच्याने व्हायचं नाही, तुम्ही दुसरा बघा. वाल्मीकच्या जिभेवर जुन्या शिव्या आल्या, त्या त्याने गिळल्या. ओरडून उपयोग नव्हता, ऐकणारंच कुणी नव्हतं. तो खुर्शीदच्या समोर जाऊन उकिडवा बसला.

"तू बॉलबरोबर मागे बघतोस," तो सावकाश म्हणाला. "आधी बघ. बॉल कोंडूच्या पायात असताना बघ. तुझ्याकडे निघाल्यावर परत बघ. बॉल आला की बघायचं काही शिल्लक राहायलाच नको."

त्याचं त्यालाच नवल वाटलं. अकरा वर्षं तो हेच करत आला होता आणि ते त्याने कधी शब्दात सांगितलं नव्हतं.

कोंडूचंही अडलं होतं. त्याची सगळी मदत आवाजातली. तो कळवळून म्हणाला, "भाऊ, त्याला आयकू येत न्हाय, तं मी मागं राहून काय करू? मी हाय की न्हाय, सारखाच."

"तू ओरडू नकोस," वाल्मीक म्हणाला. "दिस. तो मान वळवेल तिथे उभा राहा. तू डावीकडे असलास तर तो मोकळा, उजवीकडे असलास तर त्याच्या पाठीवर माणूस आलाय."

असं जमत गेलं, ते काही एका दिवसात नाही. तीन दिवस जमायचं, चौथ्या दिवशी पुन्हा पाटी कोरी. फेब्रुवारीच्या शेवटी टीममधले आणखी चौघे जण बोलावून त्याच्या अंगावर सोडले, तेव्हा दहापैकी सहा वेळा तो सुटला. दहापैकी सहा म्हणजे काहीच नव्हे, हे वाल्मीकला कळत होतं. त्याची झोप उडाली. गोदामावर माल उतरत असताना तो उभ्या उभ्या मान वळवून बघायचा आणि हमाल एकमेकांना कोपराने ढोसायचे.

निवडीच्या सामन्याला तिघे मुंबईला गेले. राघोने वाल्मीकला मिठी मारली, चहा पाजला, जुन्या गोष्टी काढल्या. बोलता बोलता म्हणाला की आज जो निवडला जाईल त्याची पुढच्या आठवड्यात डॉक्टरी तपासणी, मग थेट ऑर्डर.

"तपासणीत काय बघतात?" वाल्मीकने विचारलं.

"सगळंच. डोळे, कान, छाती. का रे?"

"सहज विचारलं."

हातातला चहा त्याला गोड लागेना. पलीकडे खुर्शीद बुटाची नाडी बांधत होता. सांगावं तर तो आत्ताच खचेल. न सांगावं तर आपण त्याला कुठल्या दाराशी घेऊन चाललोय?  आधी हे तर पार पडू दे, असं त्याने स्वतःला समजावलं आणि त्यात काही दम नाही हेही त्याला ठाऊक होतं.

त्याने आणखी एका गोष्टीचा विचारच केला नव्हता. निवडीच्या सामन्यात टीम अनोळखी माणसांची. मागे कोंडू नाही. स्टॉपरला कुणी पनवेलकडचा उंच गडी होता, तो जीव तोडून ओरडत होता, आणि ज्याच्यासाठी ओरडत होता त्याला ते पोचत नव्हतं. खुर्शीद मान वळवत होता, पण जिथे माणूस असायला हवा तिथे कुणी नसायचं. वीस मिनिटांत तीन वेळा बॉल गेला. स्टॉपरने वैतागून हात झटकले. राघोने कागदावर काही लिहिलं. कोंडू मैदानाच्या कडेच्या दोरीशी उभा होता आणि त्याचे हात आपोआप डावीकडे उजवीकडे होत होते.

हाफटाइमला खुर्शीद घामाने भिजून दोरीपाशी आला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"भाऊ, कोणी दिसतच नाही. मी बघतो तिथे कोणी नसतं."

वाल्मीककडे सांगण्यासारखी एकच गोष्ट होती आणि ती सांगितली तर सगळं संपण्याची शक्यता होती. न सांगितली तर संपलेलंच होतं.

"त्या स्टॉपरला सांग," तो म्हणाला.

"काय सांगू?"

"खरं काय ते."

खुर्शीद बराच वेळ त्याच्या ओठांकडे बघत राहिला, जणू चुकीचं वाचलं असावं. दोन वर्षं जे त्याने टीमपासून लपवलं ते आता एका परक्याला सांगायचं होतं, ज्याला त्याच्या जाण्या-राहण्याशी काही देणंघेणं नव्हतं. मग तो वळला आणि चालत त्या उंच माणसाकडे गेला. दोघे समोरासमोर उभे राहिले. वाल्मीकला दिसलं की तो माणूस आधी गोंधळला, मग त्याने मान डोलावली, मग हाताने डावीकडे उजवीकडे करून विचारलं.

दुसरा हाफ वाल्मीकला पुढे कितीतरी वर्षं जसाच्या तसा आठवायचा. खुर्शीद बॉल यायच्या आधी बघायचा, निघाल्यावर पुन्हा बघायचा, आणि बॉल आला की अंगावर धावून आलेला माणूस रिकाम्या जागेत जाऊन पोचायचा. एकदा दोघे दोन बाजूंनी आले. त्याने बॉल थांबवलाच नाही, नुसता पाय आडवा धरला आणि तो त्या दोघांच्या मधून पुढच्या माणसाच्या पायात गेला. गोल झाला. कोंडू दोरीशी तोंडावर हात धरून रडत होता.

राघोने वाल्मीकला बाजूला घेतलं. स्टॉपरने त्याला कानांचं सांगितलं होतं.

"वाल्या, मला हाच पाहिजे," राघो म्हणाला. "मी नाव लिहितो. पण डॉक्टर माझ्या हातात नाही."

पुढच्या मंगळवारी तपासणी झाली. वाल्मीक बाहेर बाकावर बसला होता. डोळे झाले, छाती झाली, कानांसाठी खुर्शीदला आतल्या खोलीत नेलं. तो बाहेर आला तो पाच मिनिटांत.

"डॉक्टर भला माणूस आहे," तो बाकावर बसत म्हणाला. "मला लांब पाठ करून उभं केलं. म्हणाले, मी हळू आवाजात आकडे बोलतो, तू ते बोलून दाखव. मी वळून बघितलं. म्हणाले, वळायचं नाही. मी परत वळलो. मग त्यांनी मला खांद्याला धरून सरळ उभं केलं."

पाच आठवडे वाल्मीकने त्याला दुसरं काही शिकवलं नव्हतं.

कागदावर 'अपात्र' असा शिक्का होता. डॉक्टरांनी वाल्मीकला आत बोलावून वेगळं सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, पण आवाजातून बाहेर काढा, तर उरलेलं टिकेल. आणि विचारलं, याच्याबरोबर काम करणारे बाकीचे कसे आहेत?

तो प्रश्न वाल्मीकच्या डोक्यातून जाईना. शुक्रवारी टीम मैदानावर जमली तेव्हा त्याने सगळ्यांना त्याच्याकडे पाठ करून ओळीत उभं केलं. चौदा जण. त्यातले नऊ लूमवरचे. तो पंधरा पावलं मागे गेला. सांगून ठेवलं होतं की नाव ऐकलं की खाली बसायचं. मग डॉक्टरांसारखंच त्याने हळू आवाजात एकेक नाव घेतलं. कोंडू बसला. गोदामातली, दुकानातली पोरं बसली. लूमवरचे काही बसले, काही इकडेतिकडे बघून बसले. शेवटी पाच जण उभे राहिले. एक खुर्शीद. आणि आणखी चौघे. अब्दुर्रहमान राईट हाफ खेळायचा, वीस वर्षांचा होता. वाल्मीकने त्याचं नाव तीनदा घेतलं. तिसऱ्यांदा जवळजवळ मोठ्याने.

"भाऊ, सुरू कधी करताय?" अब्दुर्रहमानने समोर बघतच विचारलं.

वाल्मीक त्याच पावली फखरुद्दीनशेठकडे गेला. टीममुळे शेठ त्याला मान द्यायचे, आणि तो मान जायला नको म्हणून आजवर त्याने कधी कारखान्याचं नाव काढलं नव्हतं. आज त्याने पाच नावं सांगितली आणि पाचही जणांना मागांवरून उतरवा म्हणाला. शेठनी शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी सांगितलं की लूम आवाज करणारच, त्यांच्या वडिलांचेही कान असेच गेले होते, आणि पाच जणांना बसून करायचं काम कुठून आणायचं? खुर्शीदला ते कापड घडी करायच्या खोलीत घेतील. बाकीच्यांनी कानात कापूस घालावा.

"आणि नाही ऐकलंत तर मी टीम सोडतो," वाल्मीक म्हणाला.

"सोडा," शेठ म्हणाले. "पण मग त्यांच्याकडे शुक्रवारही राहणार नाही. विचार करा."

वाल्मीकने विचार केला आणि टीम सोडली नाही. त्याबद्दल त्याला पुढे कधी अभिमान वाटला नाही, कधी पश्चात्तापही झाला नाही. दोन्ही करायला जागा नव्हती.

खुर्शीद घडीच्या खोलीत गेला. रुकय्याने वाल्मीकच्या घरी शेवयांचा डबा पाठवला आणि वाल्मीक तो खात होता तेव्हा ते चौघे पाळीवर उभे होते.

पुढच्या शुक्रवारी तो मैदानावर पोचला तेव्हा खुर्शीद आधीच आला होता. त्याने त्या चौघांना मध्ये घेतलं होतं. कोंडू बॉल सोडत होता, खुर्शीद पाठीशी उभा राहून बोटं वर करत होता. अब्दुर्रहमानने मान वळवली आणि बॉल त्याच्या पायाखालून निसटून दूर गेला. तो चिडून काहीतरी बडबडला. खुर्शीद वळसा घालून त्याच्या समोर आला, ओठ नीट दिसतील असा उभा राहिला आणि म्हणाला, "परत."